कोंबडीच्या पोटातलं विरजण

दाभोळकर कॉर्नरचा सिग्नल लाल असताना माधवचा फोन वाजला आणि हेल्मेटच्या फटीत कोंबलेल्या त्या फोनातून तानाबाई म्हणाली, "सायेब, तुमचं इरजाण मेलंय की ओ." एवढं बोलून ती थांबली नाही. कोडोलीच्या तिच्या शेडमधली दीड हजार पाखरं तीन दिवस पातळ हागत होती, काल सहा गेली, आज उजाडायला पंधरा गेली, आणि उरलेली तुसात बसून राहिली होती. "तुमच्या शब्दावर औषध बंद केलंय मी. आता चालू करू का तुमची पावडर घालत ऱ्हाऊ, तेवढं सांगा. हो का न्हाय एवढंच." माधव म्हणाला, "बघून सांगतो." त्यानं काय बघायचं होतं हे त्यालाच ठाऊक नव्हतं. सिग्नल हिरवा झाला, परत लाल झाला, परत हिरवा झाला. मागच्या टेम्पोवाल्यानं मान बाहेर काढून विचारलं, "ओ पावणं, सिग्नल आवडला व्हय? घरी न्या की!" माधवनं त्याला हात करून माफी मागितली. दिवसातली ही पहिली माफी अगदी सहज निघाली, आणि ती चुकीच्या माणसाला गेली, हे त्याला तावडे हॉटेलपर्यंत खुपत राहिलं.

मेलंय. साधं क्रियापद. गेले नऊ दिवस माधव हे क्रियापद टाळत होता. त्याच्या कामाचा कागदावरचा अर्थ असा की तो शिरोलीच्या एमआयडीसीतल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये गुणवत्ता-अधिकारी होता; प्रत्यक्षात तो जिवंत आणि मेलेलं यांच्यातला फरक सांगायचा पगार घेत होता. ब्रॉयलर कोंबडीच्या खाद्यात किंवा पाण्यात मिसळायची पांढरट पावडर, तिच्यात झोपवलेले जिवाणू. कोंबडीच्या आतड्यात गेले की जागे व्हायचे, तिथल्या वाईट जिवाणूंना जागा म्हणून ठेवायची नाही, हगवण आटोक्यात, औषधाचा मारा कमी, पाखरू टुणटुणीत. पावडरचं नाव 'पोटोबा'. हे नाव मालकाच्या बायकोनं काढलं होतं आणि सगळ्यांना ते फार आवडलं आहे असं मालकानं सगळ्यांना सांगितलं होतं. दर खेपेची चिमूटभर पावडर काचेच्या बशीतल्या खाऊवर पसरायची, दोन दिवस उबेत ठेवायची आणि झाकण उचलून बघायचं. पावडर जिवंत असेल तर बशीभर मलईचे ठिपके उठतात, आणि एक आंबूस, ताकाच्या भांड्यासारखा वास येतो. या खेपेला झाकण उचललं तर वास नव्हता. वास नसणं इतकं मोठं असतं हे त्याला तोवर माहीत नव्हतं. बशी तो खिडकीपाशी घेऊन गेला, तिरकी धरली, चष्मा काढून बघितली. कोरी. स्वतःवर शंका घेणं हा त्याचा जुना गुण, म्हणून त्यानं परत बशा लावल्या. परत कोऱ्या. बारा बशा, एका शाळेतल्या बारा ढ मुलांसारख्या त्याच्याकडं बघत बसलेल्या. पावडर वाळवायच्या यंत्राची उष्णता त्या आठवड्यात कुणीतरी वाढवली होती, काम लवकर उरकावं म्हणून. झोपवायचे ते मारून टाकले होते. यात रहस्य असं काहीच नव्हतं.

त्या दिवसापासून त्याचं पोट बिघडलं होतं. बायको रोज सकाळी ओव्याचं पाणी देत होती आणि "बाहेर कुठं काय खाल्लं?" असं विचारत होती. आपल्या भाषेत माणसं गोष्टी पोटात ठेवतात, डोक्यात किंवा कपाटात ठेवत नाहीत. ज्यानं हा वाक्प्रचार काढला त्याला पचनसंस्थेची माहिती असणार. माधवच्या पोटात बारा कोऱ्या बशा होत्या आणि तो रात्रंदिवस त्या पचवायला बघत होता.

विरजण हा शब्द त्याचाच. आयुष्यात त्यानं निर्माण केलेली एकमेव गोष्ट. अठरा वर्षं त्यानं कॉलेजात तासावारी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवलं, त्यातून मुलांना काय मिळालं माहीत नाही, त्याला मूळव्याध मिळाली. मग त्याचाच एक जुना विद्यार्थी, सम्राट, ज्याच्या प्रॅक्टिकलच्या बशांवर कायम बुरशी यायची, तो एकदा गाडीतून उतरून पाया पडला आणि म्हणाला, "सर, चला माझ्याकडं." वडिलांचा पेंडीचा धंदा होता, त्याला सम्राटनं जिवाणूंची जोड दिली होती. पुण्याच्या जाहिरातवाल्यांनी मराठी पत्रक करून पाठवलं होतं: 'सजीव सहजीवी जिवाणूयुक्त पूरक खाद्य'. कोडोलीच्या समाजमंदिरात मेळावा भरवला, सम्राटनं माइकवर ते वाचून दाखवलं, आणि पहिल्या रांगेतला गुंडू नावाचा पोल्ट्रीवाला उठून म्हणाला, "म्हंजी जंतू. आजवर जंतू मारायला पैसं घालिवलं, आता जंतू इकत घ्यायला घालवू व्हय?" हॉल हसला. सम्राटनं सरांकडं बघितलं. माधव उठला, घसा साफ केला, आणि डोक्यात जुळवलेली तीन शास्त्रशुद्ध वाक्यं सोडून भलतंच बोलून गेला. "अहो, विरजण आहे हे. दुधाला लावता तसं. कोंबडीच्या पोटातलं विरजण." मागं बसलेल्या बायकांतून एक आवाज आला, "आत्ता कसं! मगाधरनं असं बोलायचं न्हाय व्हय?" ती तानाबाई. त्या दिवशी चाळीस पोती गेली. पुण्याहून फोन आला की 'विरजण पडणे' याचा अर्थ मराठीत उत्साह मावळणे असा होतो, तेव्हा हा शब्द अशुभ आहे. सम्राटनं त्यांना विचारलं, तुमच्या घरात दही कोण लावतं? आणि शब्द पोत्यावर छापला. माधवला तो छापलेला शब्द बघायला गोदामात जायची सवय लागली. कुणी नसताना तो पोत्यावरून हात फिरवायचा. वय पन्नाशीपुढचं, आणि हे.

पुढच्या महिन्यात मात्र कोडोलीतून एका पोत्याचीही मागणी आली नाही. आजूबाजूच्या गावांतूनही नाही. सम्राटनं सरांना चौकशीला धाडलं, तर तानाबाईनं मोठ्या अभिमानानं त्याला परसात नेलं. तिथं एका स्टीलच्या डब्यात दही होतं. पोत्यातली मूठभर पावडर तिनं कोमट दुधात घातली होती, सकाळी घट्ट लागलं, त्याचं ताक करून पाखरांच्या पाण्यात, आणि तळाचं चमचाभर उद्यासाठी. उरलेलं पोतं तसंच. शेजारच्या बनाबाईनं वाटीभर नेलं, तिच्याकडनं वरच्या आळीनं, तिथनं गुंडूनं. एका पोत्यावर अख्खं गाव. "अहो, ते रोज विकत..." असं काहीतरी माधव म्हणू लागला, तेव्हा ती खरोखर चकित झाली होती. "इरजाण कोण इकत घेतंय व्हय, सायेब? ते मागून आणायचं असतंय. एकदाच लागतंय. तुमीच सांगितलासा की इरजाण म्हून." आणि ते देण्याघेण्याचेही नियम होते: दिवेलागणीनंतर द्यायचं नाही, रिकाम्या भांड्यानं मागायला यायचं नाही. एका शब्दानं धंदा उभा केला होता आणि त्याच शब्दानं तो बसवला होता. सम्राट डोक्याला हात लावून म्हणाला, "सर, तुम्ही फारच चांगलं शिकवलंत हो त्यांना." मग पोत्यावर खाली, मुंगीएवढ्या अक्षरांत ओळ आली: दुधात घालू नये.

आता तानाबाईचं ते गावभर फिरलेलं विरजण या महिन्यात कडवटलं, तार सुटली, म्हणून तिनं परत पोतं घेतलं होतं. सहा दिवसांपूर्वी. नेमकं याच खेपेचं.

शिरोलीला पोचला तेव्हा सम्राट गोदामाच्या दारात कुणाशी तरी फोनवर हसत होता. माधव समोर उभा राहिला. सम्राटनं फोन ठेवला, सरांचं तोंड बघितलं, आणि खुर्ची मागवली. तो वाईट मुलगा नव्हता, हीच तर अडचण होती. वाईट माणसासमोर माधवला बोलता आलं असतं. "कोडोलीचं कळलंय मला," सम्राट म्हणाला. "तानाबाईंच्या सुनेचा, क्रांतीताईंचा मेसेज आलाय. टेन्शन घेऊ नका. त्यांनी दुधात घातलंय. पोत्यावर स्पष्ट लिहिलंय, घालू नये म्हणून."

"पाखरं मरायला लागलीत, सम्राट."

"ब्रॉयलर हाय, सर. मरतंय की. आणि मेलेल्या जिवाणूंचापण फायदा होतो असा पेपर आहे. मी वाचलाय."

"तू?"

"वाचला म्हणजे बघितलाय." तो खुर्ची पुढं ओढून खालच्या आवाजात बोलू लागला. "पुढच्या खेपेपासून यंत्र नीट. शपथ. ही खेप गेली आता, बावन्न गावांत गेली. परत मागवायची म्हणजे आपण संपलो. तुम्ही फक्त एक फोन करा. चूक वापरण्यात झाली म्हणा. तुमचं नाव हाय तिथं, सर. माझं नाही ऐकणार त्या. आणि रजिस्टरला तर तुम्हीपण काय लिहिलं नाहीय की."

लिहिलं होतं. अभिप्रायाच्या रकान्यात त्यानं लिहिलं होतं: 'परीक्षण सुरू.' ते लिहिताना पेन किती सहज चाललं होतं. जिवंतही नाही, मेलेलंही नाही. मराठी भाषेनं सरकारी माणसांसाठी बांधून ठेवलेली एक धर्मशाळा, तिथं कुणीही कितीही दिवस मुक्काम करावा. आठ दिवसांपूर्वी याच दोन शब्दांवर ट्रक भरले गेले. माधवनं हमालांना बाजूला होऊन वाट दिली होती. "फोनवर नको," तो आता म्हणाला, "जाऊन येतो." सम्राटला हे फारच पटलं. "बेस्ट. समोरासमोर माणूस ऐकतो," असं म्हणून त्यानं सरांच्या स्कूटरच्या डिकीत पोटोबाची एक जाडजूड डायरी आणि चार कीचेन घातली, भेट द्यायला.

वाघबिळाच्या घाटात उन्हाचा वास होता, तापलेल्या डांबराचा आणि कुठंतरी चाललेल्या गुऱ्हाळाचा. तो वाक्य घोळवत होता. तुम्ही दुधात घातल्यामुळं. वाक्य अगदी बरोबर होतं, व्याकरणानं आणि छापील सूचनेनं. त्यातला प्रत्येक शब्द खरा होता. मग ते दर वळणावर अर्धवट का राहत होतं? मधेच, कारण नसताना, गडहिंग्लज आठवलं. वडिलांची बदली झाली तेव्हा तो नऊ वर्षांचा. माईनं घरातलं विरजण सोबत न्यायचं ठरवलं. सासूकडून आलेलं, सासूला तिच्या सासूकडून. एसटीत दही कसं नेणार? तिनं स्वच्छ धडप्याचा तुकडा दह्यात बुडवून सावलीत वाळवला, कडक झालेला तो तुकडा पदराच्या गाठीत बांधला, आणि नव्या घरात माधवला म्हणाली, दूध कोमट झालं की यात टाक, मी पाणी बघून येते. त्यानं वाट बघितली नाही. वाफा निघत होत्या, त्यातच टाकला. सकाळी भांड्यात दूधच, वर चिंधी तरंगतेय. माईनं चिंधी दोन बोटांनी उचलून बघितली, मग म्हणाली, "इथल्या पाण्यालाच वळण नाही." शेजारच्या कानडी बाईंकडून तिनं वाटीभर मागून आणलं, ते लागलं, सगळं सुरळीत झालं. पण चार वर्षं ती गडहिंग्लजच्या पाण्याला बोलत राहिली आणि तो दही-भात खात राहिला. माई गेली त्यालाही आता बरीच वर्षं झाली. किती किरकोळ गोष्ट. माणूस पुढं सूक्ष्मजीवशास्त्र का घेतो याची कारणं लोक मुलाखतीत सांगतात. त्याला कुणी विचारलं नव्हतं ते बरं झालं.

शेडच्या अलीकडूनच अमोनियानं डोळे चुरचुरले. आत जे ऐकू यायला हवं होतं, दीड हजार पाखरांची ती अखंड किरकिर, ती विरळ झाली होती. दारातच क्रांती उभी होती, तानाबाईची सून, बी.एस्सी. अर्धवट सोडून लग्न झालेली, तोंडाला ओढणी, हातात फोन. तिच्याच फोनवर आसपासच्या सगळ्या पोल्ट्रीवाल्यांचा ग्रुप चालायचा. "आई, सर आले," ती आत वळून म्हणाली. तानाबाई एका हातात बादली घेऊन बाहेर आली. बादलीत काय आहे ते माधवनं बघितलं आणि नजर वर काढली. पांढरी पिसं ओली होती.

"आलासा? बरं झालं. या, दावते," असं म्हणून तिनं बादली ठेवली, हात धुतले, आणि घराच्या ओट्यावरच्या दोन वाट्यांपाशी त्याला नेलं. "ह्यात बनाबाईच्या घरचं साधं इरजाण. ह्यात तुमच्या पोत्यातलं. दूध एका म्हशीचं. रातभर एका फळीवर." तिनं पहिली वाटी आडवी केली. हललं नाही. दुसरी आडवी केली आणि दूध काठावरून तिच्या बोटांवर आलं. माधव त्या वाट्यांकडं बघत राहिला. एकाच दुधात दोन नमुने, एकच ऊब, एकच वेळ. अठरा वर्षं तो फळ्यावर हेच लिहीत होता आणि मुलं वहीत चहाचे डाग पाडत होती. बारा बशांना जमलं नव्हतं ते दोन वाट्यांनी बोलून दाखवलं होतं.

"तुम्ही दुधात..." तो म्हणाला. वाक्य निघालं खरं.

"दुधात घालू नये लिहिलंय, सर," क्रांती म्हणाली. "वाचलं मी. म्हणून आईंनी पाण्यातच घालून दिली सहा दिवस, तुमच्या मापानं. हे दुधातलं कालच लावलं. नुसतं बघायला."

वाक्य संपलं. त्यानं घाम पुसला. तेवढ्यात तानाबाई ओट्यावर टेकली आणि पदरानं बोटं पुसत, त्याच्याकडं न बघता बोलू लागली. "तुमचा दोष न्हाय त्यात, सायेब. माजंच चुकलंय. मला ठावं हाय. त्या दिशी तुमचं पोतं आलं आणि धोंडुबाई दारात. तिची पाखरं बसल्याली. दिवं लागून गेलतं. न्हाय म्हणाय पायजे हुतं मला. पर रडाय लागली ओ, म्हणलं घेऊन जा. दिवेलागणीनंतर त्या पोत्यातलं वाटीभर इरजाण दिलं मी. तवाच मन म्हणालं, तानाबाई, घराची बरकत गेली. माज्याच हातनं मेलं ते."

क्रांती हळूच म्हणाली, "आई, असं काय नसतंय ओ." पण म्हातारी मान हलवत राहिली. माधवला आधी जे जाणवलं ते समाधान होतं, आणि ते पोटातच जाणवलं; नऊ दिवसांत पहिल्यांदा पोट सैल पडलं. कुणी काही मागत नव्हतं. सम्राटचं वाक्यसुद्धा लागणार नव्हतं. नुसतं गप्प बसायचं, थोडी मान हलवायची, डॉक्टरला दाखवा म्हणायचं आणि निघायचं. बाई आपण होऊन सगळं स्वतःच्या नावावर करून देत होती, आणि तीही जन्मभरासाठी. पुढं कुणाचं पाखरू बसलं, कुणाच्या घरी काही बिनसलं, तरी तिला ती संध्याकाळच आठवणार. पुढच्या वेळी कुणी रडत दारात आलं तर ती नाही म्हणणार. ओट्यावरची माशी दुसऱ्या वाटीच्या काठावर बसली, उडाली, परत बसली. शेडमध्ये काहीतरी धपकन पडल्यासारखा आवाज झाला.

"ते आधीच मेलं होतं," माधव म्हणाला.

"आदी म्हंजी?"

"पोतं तुमच्याकडं यायच्या आधी. आमच्याकडंच. तुम्ही कुणाला कधी दिलं याचा काही संबंध नाही."

तानाबाईनं पहिल्यांदा त्याच्याकडं नीट बघितलं. "आणि तुमास्नी कवा कळलं? आत्ता, वाटी बघून?"

खरंतर ती त्याला अजून एक दार उघडून देत होती. "नाही," तो म्हणाला. "त्याच्याही आधी. नऊ दिवस झाले."

शिवी आली असती तर बरं झालं असतं, कोल्हापूर जिल्ह्यात त्या बाबतीत कधी टंचाई नसते. ती उठली, चपला घातल्या, आणि सुनेला म्हणाली, "डॉक्टरास्नी फोन लाव. आत्ता या म्हणावं, जेवून येऊ नगा. आणि ग्रुपवर टाक. धोंडुबाईला मी जाऊन सांगते, तिला वाचाय येत न्हाय." जाता जाता माधवच्या बाजूनं गेली. "पाण्याची भांडी काढून धुवाय लागतील सगळी," ती म्हणाली. त्याला म्हणाली की हवेत म्हणाली, ते कळलं नाही. त्यानं बाह्या दुमडल्या. इतकी वर्षं कोंबडीच्या आतड्यावर बोलत आला होता, पण शेडमध्ये पाय ठेवायची वेळ कधी आली नव्हती. तूस पायाखाली ओलं लागलं. बसलेली पाखरं सरकलीसुद्धा नाहीत, नुसती पापणी खालून वर मिटत होती. तो पहिलं भांडं काढून बाहेर आला तोवर क्रांतीनं डॉक्टरांना फोन लावला होता आणि आता दोन्ही अंगठ्यांनी लिहीत होती. खिशात त्याचा फोन थरथरत होता. सम्राट असणार, समोरासमोर माणसानं ऐकलं का ते विचारायला.

"सर, वाचते. 'पोटोबाची या महिन्यातली पोती कुणी वापरू नका. पावडरीत जीव नाही. पाखरं बसली असतील तर आजच डॉक्टरला दाखवा. कंपनीच्या माधव सरांनी स्वतः सांगितलंय.' बरोबर?"

'स्वतः सांगितलंय' ऐकायला चांगलं होतं. त्यात थोडा मोठेपणाही होता. माधव भांडं हातात धरून उभा राहिला. तळाशी साचलेलं पांढरट पाणी मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं.

"शेवटी अजून एक टाक," तो म्हणाला. "'नऊ दिवस माहीत असून, आज.'"

क्रांतीनं वर बघितलं. मग परत खाली. अंगठे थोडे चालले आणि थांबले.

"माहीतची वेलांटी पहिली का दुसरी, सर?"

"दुसरी," माधव म्हणाला.

तिनं ती दुसरी केली आणि पाठवलं.